राखण

सहावी ब वरच्या मजल्यावर.
अण्णा सायकल जिन्याला टेकवून
मला कडेवर घेऊन अठ्ठावीस पायऱ्या चढायचे,
पहिल्या बाकावर ठेवायचे,
कॅलिपरचा पट्टा एकदा ओढून बघायचे
आणि गुळाच्या अडतीवर कामाला जायचे.
पाच वाजेपर्यंत मी त्या मजल्याची.
पाणी पीत नव्हते.
नळ खाली, आणि नंतरचं सगळंही खालीच.

तिसऱ्या तासाला मैदानातून शिट्टी.
वर्ग जिन्यावरून धडधडत रिकामा व्हायचा
आणि बाई दारातून अर्ध्या वळून म्हणायच्या,
"मगदूम, तू बस. दप्तरांकडं लक्ष दे."

दिलं.
सत्तेचाळीस दप्तरं, माझं सोडून.
भोसलेच्या पिशवीला पेंडीचा वास,
सुरय्याच्या डब्यात रोज लिंबाचं लोणचं,
रेडेकर चिंच मिठात घोळून
भूगोलाच्या वहीत दाबून ठेवायचा,
नकाशातली कृष्णा त्यामुळं तपकिरी.
कांबळेच्या विमलच्या दप्तरात डबाच नसायचा.
मी बाक धरत धरत तिच्यापर्यंत जायचे,
अर्धी भाकरी कागदात ठेवून परत यायचे.
तेवढ्यात तास संपायचा.
तीन बाकांचं अंतर होतं.

पेठेची फायनल असली की
स्टेडियमचा ओरडा खिडकीपर्यंत यायचा.
गोल झाला हे कळायचं.
कुणाचा, ते नाही.

मग एकदा जाधवचे वीस रुपये गेले.
बाई माझ्या बाकाशी आल्या. रागानं नाही,
हिशेब लागावा तशा.
"वर्गात तूच होतीस की गं."
आणि माझं दप्तर उपडं केलं.
वह्या, डबा, अर्धा खोडरबर,
आणि चार घड्यांचे पस्तीस रुपये.

वर्गातून आवाज निघाला,
गोल झाल्यावर निघतो तसला.

"हे कुठले?"

पन्हाळ्याचे, बाई.
तुम्हीच सोमवारी परत दिले.
चढ फार आहे म्हणालात, तुलाच त्रास होईल.
अण्णांना अजून सांगितलं नाही.
त्यांनी टोपी आणलीय.

बाईंनी नोटा पुन्हा दुमडल्या,
आधीच्याच घड्यांवरून, नीट.
"बस," म्हणाल्या.
मी बसलेलीच होते.

जाधवला त्याचे वीस दुसऱ्या दिवशी
चड्डीच्या मागच्या खिशात सापडले.
ते त्यानं फक्त रेडेकरला सांगितलं.
रेडेकर मोठ्यानं हसला, म्हणून मला कळलं.

सहलीदिवशी पहाटे मी पोट दुखतंय म्हणाले.
अण्णांनी ओवा दिला, कपाळाला हात लावून बघितला,
एसटी चुकायची म्हणून हळहळले.
मी ओवा चावला. टोपी घालूनच.

परवा कपिलतीर्थ मार्केटात बाई भेटल्या.
चेहऱ्यावरून नाही, कुबडीवरून ओळखलं.
"मगदूम ना? पद्मजा!
किती शांत होतीस गं.
तुझा कधी म्हणून त्रास नाही झाला."
भाजीवाली सुट्टे मागत होती.
पर्स उघडायला दोन हात लागतात,
त्यांनी पिशवी पुढं केली,
"जरा धर."

एका हातात कुबडी. दुसऱ्यात धरली.
वर मेथी, मेथीखाली वांगी असावीत,
आणि तळाशी काहीतरी जड, कोपऱ्याचं,
बोटांना रुतणारं.
बाई नाणी मोजत होत्या. मोजत राहिल्या.

पूर्वी मी आत बघायचे.